सुट्टीतील नोंदवही आणि 'केव्हा' हा रकाना

११ एप्रिल, शुक्रवार

आजपासून शाळेला उन्हाळ्याची सुट्टी लागली. २९ मे रोजी शाळा पुन्हा भरेल, तेव्हा व्हरांड्याच्या लांब भिंतीवर आपल्या परिसरातील कलेचे एक लहानसे प्रदर्शन लावायचे, असे ठरले आहे. चित्रकलेचा शिक्षक म्हणून ते काम माझ्याकडे आहे, आणि बेळगावच्या शहापूर, वडगाव व अनगोळ भागांत राहणारी सहावी-सातवीची सहा मुले माझ्याबरोबर आहेत. संध्याकाळपर्यंत घरी परतता येईल एवढ्याच अंतरातील गोष्टी घ्यायच्या, हे बंधन आम्ही आपणहून घातले आहे.

कोणकोणत्या गोष्टी घ्याव्यात असे विचारल्यावर मुलांनी पहिल्याच दमात कित्तूरचा किल्ला आणि गोकाकचा धबधबा सांगितला. दोन्ही पाहण्यासारखेच आहेत, पण त्यांची चित्रे दिनदर्शिकेतही मिळतात. म्हणून प्रत्येकाने घर ते शाळा या वाटेवर रोज दिसणारी, कोणाच्या तरी हाताने घडलेली एक गोष्ट लिहून आणावी असे सांगितले. संध्याकाळी आलेली यादी मला फार आवडली: अंगणातील तुळशी वृंदावन, बुरूड गल्लीत विणली जाणारी दुरडी, मराठी आणि कन्नड अशा दोन्ही लिप्यांत एकाच हाताने रंगवलेली दुकानाची पाटी, आजीची गोधडी, रिक्षाच्या पाठीवरचा मोर आणि देवळासमोरची दीपमाळ. नोंदवहीत पाच रकाने आखले: वस्तू, ठिकाण, साहित्य, कारागीर, उपयोग.

१३ एप्रिल, रविवार

सकाळी बेळगावच्या किल्ल्यातील कमल बस्ती पाहिली. रट्ट घराण्यातील राजा चौथा कार्तवीर्य याचा प्रधान बीचिराज याने हे जैन मंदिर १२०४ मध्ये बांधले. गाभाऱ्यात नेमिनाथांची मूर्ती आहे, आणि मंडपाच्या छतातून खाली उमललेल्या ज्या दगडी कमळावरून मंदिराला हे नाव पडले, त्याला ७२ पाकळ्या आहेत. भूत, वर्तमान आणि भविष्य या तीन काळांतील प्रत्येकी २४ तीर्थंकर मिळून हा आकडा होतो, असा त्याचा अर्थ सांगितला जातो.

बाहेरच्या रखरखीत उन्हातून आत गेलेली मुले दोनच मिनिटांत बाहेर आली आणि आत अंधार आहे, काही दिसत नाही म्हणाली. त्यांना पुन्हा आत नेले, खांबांशी बसवले आणि काही न बोलता थांबायला सांगितले. डोळे अंधाराला सरावले तसे आधी खांबांवरचे गोल कंगोरे दिसू लागले, मग छताच्या कडा, आणि शेवटी दारातून फरशीवर पडलेल्या उन्हाचा परतलेला उजेड खालून कमळावर चढू लागला. पाकळ्यांचे थर एकमेकांपासून सुटे दिसू लागले तेव्हा मुले आपोआप पाठीवर आडवी झाली. मोजणी पाच वेळा चुकली, त्यामुळे ७२ हा आकडा आम्ही आदराने मान्य केला. फ्लॅश लावून काढलेले छायाचित्र मात्र अगदी सपाट आले, जणू कमळ छतावर चिकटवलेले आहे.

१९ एप्रिल, शनिवार

आजचा दिवस वाया गेला आणि चूक माझीच होती. शहराच्या पश्चिमेकडील एका गावात मारुतीच्या देवळाच्या उत्तरेकडील भिंतीशी एक वीरगळ, म्हणजे लढताना पडलेल्या वीराच्या स्मरणार्थ कोरलेला दगड, उभा आहे, असे सातवीतल्या मुलाने सांगितले होते. ते त्याचे आजोळ. आम्ही जेवण उरकून निघालो आणि साडेबाराला पोहोचलो. कमरेएवढ्या उंचीचा, अगदी सरळ उभा असलेला तो दगड पूर्ण सावलीत होता. त्यावर काहीतरी कोरलेले आहे एवढेच कळत होते. त्यात मी आणखी एक गाढवपणा करणार होतो: उठाव स्पष्ट दिसावा म्हणून दगडावर खडू फिरवायला मी खिशातून खडू काढला. शेजारच्या कट्ट्यावर बसलेल्या आजोबांनी मला वेळीच थांबवले.

"काय करूलालासा वो सर? त्याला काय लावू नका. सकाळी गुरं सोडायच्या वक्ताला या, तवाच दिसतंय ते. आणि उन्हाळ्यातच. दिवाळीत आलासा तर काय दिसणार न्हाई."

दिवाळीत का दिसत नाही, हे त्यांना विचारले तर म्हणाले, न्हाई दिसत, एवढंच ठावं हाय.

२० एप्रिल, रविवार

साडेसहाची बस पकडून सव्वासातला देवळापाशी पोहोचलो. उगवून थोडा वेळ झालेला सूर्य पूर्वेच्याही जरा उत्तरेला होता, आणि त्याचे ऊन भिंतीला जवळजवळ घासत, बाजूने दगडावर येत होते. काल ज्या दगडावर काहीच नव्हते त्यावर आज गर्दी होती. प्रत्येक उंचवट्याच्या पश्चिमेला बारीक काळी सावली पडली होती आणि त्या सावल्यांनीच जणू चित्र काढले होते.

वीरगळ खालून वर वाचायचा असतो. सर्वांत खालच्या चौकटीत ढाल-तलवार घेतलेला वीर आहे, त्याच्यासमोर दोन हल्लेखोर आहेत आणि मागे गाईंची रांग आहे. गावाची गुरे पळवून नेणाऱ्यांशी लढताना हा मनुष्य पडला, एवढी हकीकत त्या गाई सांगतात. मधल्या चौकटीत दोन अप्सरा त्याला दोन्ही बाजूंनी धरून वर नेत आहेत. तिसऱ्या चौकटीत तो शिवलिंगासमोर हात जोडून बसला आहे, शेजारी पुजारी आहे, आणि माथ्यावर चंद्र-सूर्य आहेत, म्हणजे ते असेतो याची कीर्ती राहील. नाव कोरलेले नाही. मुलांनी चौकटी वहीत उतरवल्या आणि गाई मोजल्या. सात भरल्या. साडेनऊच्या सुमारास ऊन भिंतीवरून निसटले आणि पाहता पाहता दगड पुन्हा कालच्यासारखा मुका झाला.

परतताना बसमध्ये सहावीतल्या मुलीने विचारले की, सर, हे सगळं सकाळीच दिसतं हे कुठल्या रकान्यात लिहायचं? पाच रकान्यांपैकी एकातही ते बसत नव्हते. घरी आल्यावर पट्टी घेऊन सहावा रकाना आखला आणि वर 'केव्हा' असे लिहिले. मागे जाऊन कमल बस्तीच्या ओळीतही लिहिले: 'सकाळी, आत शिरल्यावर दहा मिनिटे बसून.'

२६ एप्रिल, शनिवार

बेळगावात परंपरेने वैशाख शुद्ध द्वितीयेला शिवजयंती होते आणि तिच्यामागून निघणाऱ्या चित्ररथांच्या मिरवणुकीची तयारी गल्लोगल्ली रात्री चालते. आमच्या गल्लीच्या मंडळाला गडाचा दरवाजा हवा आहे. बांबू बांधून झाले आहेत, गोणपाट ताणले आहे आणि त्यावरच्या कापडावर दगडी तटबंदी रंगवायला एक वयस्कर पेंटर येतात. दिवसभर ते दुकानांच्या पाट्या लिहितात. मुलांना घेऊन सलग तीन रात्री त्यांच्याजवळ बसलो.

पहिल्या रात्री त्यांनी कापडाला खळ आणि खडूच्या भुकटीचा हात दिला, म्हणजे रंग आत शोषला जात नाही. दुसऱ्या रात्री ब्रश हातात घेण्यापूर्वी त्यांनी मंडळाच्या पोरांना एकच प्रश्न विचारला: "हॅलोजन कुठल्या अंगाला बांधणार?" डावीकडे, वर, असे उत्तर आल्यावर त्यांनी पिवळसर राखाडी रंग स्पंजाने टेपत सगळ्या पडद्यावर पसरला, आणि मग प्रत्येक चिऱ्याच्या उजव्या व खालच्या कडेला निळसर काळ्या रंगाची एक जाड रेघ आणि डाव्या व वरच्या कडेला पांढऱ्याचा एक पुसट फटकारा दिला. चिरे पुढे आले. एका चिऱ्यावर त्यांनी मुद्दाम तडा काढला, त्या तड्यातून गवताची दोन पाती बाहेर काढली आणि त्या पात्यांचीही सावली रंगवली. वीस फुटांवरून मिरवणूक पाहणाऱ्या कोणालाही ती पाती दिसणार नाहीत. मी तसे म्हटल्यावर ते काम न थांबवता म्हणाले, "दिसत न्हाईत, पण नसली तर भिंत खोटी वाटत्या."

सकाळी तोच पडदा उन्हात पाहिला तर नुसते डाग वाटले. ऊन उजवीकडून येत होते आणि रंगवलेल्या सावल्या त्याच्याशी भांडत होत्या.

२ मे, शुक्रवार

काल रात्री मिरवणूक झाली. नरगुंदकर भावे चौकात गर्दीत उभे राहून आपला चित्ररथ येण्याची वाट पाहिली. झांजपथके, ढोल, लेझीम, भगवे फेटे आणि ट्रॉलीवर उभे केलेले जिवंत देखावे यांचा ओघ पहाटेपर्यंत चालला होता. आमचा दरवाजा डावीकडच्या हॅलोजनखाली आला आणि मुलांनी, ज्यांनी ते कापड कोरे असल्यापासून पाहिले होते, त्यांनीच दगड आहे दगड आहे म्हणून आरडाओरडा केला. मावळ्याच्या वेशातील पोरगा तटाला टेकण्याचे धाडस मात्र करत नव्हता, कारण टेकला असता तर गड हलला असता.

पडदा आज उतरवला जाईल. पाऊस लागण्याआधी तो धुऊन त्याच कापडावर गणपतीचा देखावा रंगवायचा असल्याने तो जपून ठेवता येणार नाही. नोंद: 'केव्हा: एक रात्र, डावीकडच्या दिव्यात.' एका रात्रीपुरते इतके चोख काम करणाऱ्या माणसाला आपण पेंटर म्हणतो आणि चित्रकार हा शब्द दुसऱ्यांसाठी राखून ठेवतो, हे मला या वयात प्रथमच टोचले. ज्या गावात के. बी. कुलकर्णींसारख्या चित्रकार-शिक्षकाने पिढी घडवली आणि जिथे रवी परांजपे यांनी त्यांच्या हाताखाली धडे गिरवले, त्या गावात तरी ही भिंत इतकी उंच असू नये. प्रदर्शनात पेंटरकाकांच्या कामाखाली 'चित्रकार' असेच लिहिणार आहे.

४ मे, रविवार

आज शून्य सावलीचा दिवस होता. बेळगाव उत्तर अक्षांश १५.८५ अंशांवर आहे. उत्तरायणात सूर्य सरकत सरकत ३-४ मेच्या सुमारास बरोबर आपल्या डोक्यावर येतो आणि परतीच्या वाटेवर ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्याच्या सुमारास पुन्हा एकदा. आमच्या अंगणात मुलांनी मुसळ, स्टीलचा पेला आणि पाइपाचा तुकडा उभा केला. साडेबाराला मिनिट-दोन मिनिटे असताना पेल्याची सावली पेल्याखाली शिरली. मुसळाला फक्त बुडाशी एक काळी कडी उरली. एक मुलगा उड्या मारून पाहू लागला, कारण हवेत असतानाच आपली सावली पायाखाली दिसते हे त्याच्या लक्षात आले होते.

हे होत असताना मला आजोबांचा वीरगळ आठवला आणि ते काय सांगत होते याचा उलगडा झाला. दगडाचे तोंड उत्तरेला आहे. हिवाळ्यात सूर्य दिवसभर दक्षिणेकडे असतो, त्यामुळे दिवाळीत त्या दगडावर ऊन पडणेच शक्य नाही. मार्चमधील वसंतसंपातापासून सप्टेंबरमधील शरदसंपातापर्यंत सकाळ-संध्याकाळ सूर्य भिंतीच्या उत्तरेला असतो, म्हणून तेव्हा बाजूने ऊन येते. आणि आजपासून पुढे ऑगस्टपर्यंत दुपारचा सूर्यही डोक्याच्या किंचित उत्तरेला असेल. म्हणजे एप्रिलमध्ये भर दुपारी सावलीत असलेला तो दगड काही दिवसांनी भर दुपारीच उजळेल, आणि ऊन बाजूने न येता वरून येईल. मुलांना हे अंगणात खडूने काढून दाखवले. पंधरा दिवसांनी पुन्हा जायचे ठरले.

७ मे, बुधवार

गच्चीवर सांडगे, कुरडया आणि शेवया वाळत आहेत. त्यांची नोंद घ्यावी असा मुलींचा आग्रह होता आणि तो बरोबर होता. कुरडईचा वेटोळा हात न उचलता एका दाबात पडला पाहिजे, हे साच्यावर बसल्याशिवाय कळत नाही. माझे दोन बिघडले.

दुपारी आईने ट्रंकेतून तिच्या सासूची चंद्रकळा काढून दाखवली. काळ्या पोतावर कशिदा आहे: रथ, गोपुर, तुळशी वृंदावन, हत्ती. धारवाड-बेळगाव भागात याला कसुती म्हणतात आणि टाक्यांची नावे कन्नडमधून आमच्या घरांत जशीच्या तशी आली आहेत: गवंती, मुरगी, नेयगी, मेंथी. कापडावर आधी नक्षी छापत नाहीत. आडवे-उभे धागे मोजत सुई चालते, धाग्याला गाठ मारत नाहीत, आणि गवंती-मुरगीत गेलेली सुई त्याच वाटेने परत येऊन मधल्या रिकाम्या जागा भरते, त्यामुळे नक्षी सुलट-उलट दोन्हीकडे सारखीच दिसते. मी भिंग लावून वृंदावनाचा एक कोपरा मोजला: प्रत्येक टाका चार धाग्यांचा, एकही तीनचा नाही. आई म्हणाली, "काळ्यावर काळे धागे मोजायचे म्हणजे दिव्याखाली जमत नव्हतं. जेवणं झाल्यावर पडवीत, ऊन परतायच्या आत बसायच्या." केव्हाचा रकाना पाहण्याच्या वेळेसाठी आखला होता, त्यात आज करण्याची वेळही आली.

११ मे, रविवार

हुक्केरी तालुक्यात घटप्रभेवरील हिडकल धरणाच्या जलाशयात हुन्नूरचे विठ्ठल मंदिर आहे. धरण झाल्यावर ते पाण्याखाली गेले आणि उन्हाळ्यात पाणी ओसरले की वर येते. भेगाळलेल्या गाळावरून चालत गेलो. भिंतींवर पाण्याच्या पातळ्यांचे पट्टे उमटले आहेत, फटींत शिंपले अडकले आहेत. टाळ घेऊन आलेली काही मंडळी होती, त्यांच्या भजनात आम्हीही बसलो. वर्षातले बहुतेक महिने जिथे मासे फिरतात तिथे बसून 'विठ्ठल विठ्ठल' म्हणताना मुले एरवी असतात त्यापेक्षा गप्प होती. 'केव्हा' या रकान्यात या वेळी कोणालाच विचार करावा लागला नाही.

१५ मे, गुरुवार

खानापूर. इथली माती कौलांसाठी आणि भांड्यांसाठी नावाजलेली आहे, आणि खादी व ग्रामोद्योग आयोगाची कुंभारकामाची प्रशिक्षण संस्थाही इथेच आहे. आम्ही गेलो ते मात्र एका कुंभारकाकांच्या अंगणात.

चाकावरून उतरलेला माठ जाड आणि लहान असतो, हे मुलांना ठाऊक नव्हते. तो थोडा सुकला की काका डाव्या हाताने आतून गुळगुळीत दगड धरतात आणि उजव्या हातातील लाकडी थापीने बाहेरून चोपत जातात. चोपता चोपता भिंत पातळ होते आणि माठ फुगत मोठा होतो. आतला दगड डोळ्यांना दिसत नाही, पण थापी बरोबर त्याच्यावरच पडते, आवाजावरून. बहिरा आवाज आला की तिथे माती जाड आहे.

भाजलेल्या मातीच्या बारीक छिद्रांतून पाणी पाझरते, बाहेरच्या अंगावर त्याची वाफ होते आणि ती जाताना उष्णता घेऊन जाते, म्हणून पाणी गार होते. बाजारात सध्या ऑइलपेंटने फुले रंगवलेले माठ दिसतात. रंगाने छिद्रे बुजतात आणि माठ आपले काम सोडतो. काकांच्या माठाला फक्त गळ्याखाली गेरूच्या दोन रेघा असतात, आणि मला तेच नक्षीकाम अधिक जाणते वाटते. परतीच्या रस्त्यावर बहावा पूर्ण फुलला होता, पिवळे घोस रस्त्यावर झुकलेले. जांबोटीकडच्या जंगलात काजवे सुरू झाल्याचे कळले, पण रात्री मुलांना तिकडे नेणे माझ्या बंधनात बसत नाही.

१८ मे, रविवार

बाराला वीरगळापाशी पोहोचलो. आकाश स्वच्छ होते. दगडावर ऊन होतेच, पण या वेळी ते बाजूने न येता थेट वरून येत होते. माथ्यावरच्या चंद्र-सूर्याच्या खोबणीपासून खालच्या चौकटीपर्यंत ते दगडाला घासत उतरले होते. एप्रिलच्या सकाळी उभ्या रेषा बोलत होत्या, तलवार, पाय, अप्सरांची शरीरे. आता आडव्या रेषांची पाळी होती: ढालीची कड, लिंगाची साळुंका, गाईंच्या पाठी. प्रत्येक पाठीखाली सावलीचा एक पडदा पडला होता.

साडेबाराच्या सुमारास सहावीतली मुलगी गुडघ्यांवर बसून म्हणाली, "सर, गाई सात नाहीत." शेवटच्या गाईच्या पोटाखाली, जिथे आम्ही दगडाचा खडबडीतपणा समजलो होतो, तिथे अंगठ्याच्या पेराएवढे वासरू होते. मान वर करून आचळाशी लागलेले. कान होता, शेपटी होती. शेजारी युद्ध चालले आहे आणि ते दूध पीत आहे.

मी खूप वेळ काही बोललो नाही. ज्या पाथरवटाने हे कोरले त्याला वीराचे काम मिळाले होते. वासरू कोणी सांगितले नसणार. पेंटरकाकांची गवताची दोन पाती मला आठवली.

कट्ट्यावर आज कोणीच नव्हते. या वेळी सगळे गाव जेवून घरात आडवे झालेले असते.

२७ मे, मंगळवार

दोन दिवस वळिवाने झोडपले. प्रदर्शनाचे तक्ते शाळेत नेऊन ठेवले. वीरगळाची तीन छायाचित्रे एकाखाली एक लावली आहेत: १९ एप्रिल, दुपारी साडेबारा, २० एप्रिल, सकाळी साडेसात, १८ मे, दुपारी साडेबारा. खाली फक्त तारखा आणि वेळा आहेत.

तिसऱ्याची एक प्रत घेऊन संध्याकाळी आजोबांकडे गेलो. त्यांनी चष्मा लावला, छायाचित्र दाराच्या उजेडाकडे धरले आणि खालच्या चौकटीवरून बोट फिरवत नेले. शेवटच्या गाईपाशी बोट थांबले. मग त्यांनी आत हाक मारून नातवाला बोलावले, आणि पाऊस थांबायची वाट न पाहता डोक्यावर पोते घेऊन दोघे देवळाकडे निघाले.